तीन पूल आणि एक कानपिळी

मानखुर्द, १० नोव्हेंबर १९९१

ती. पंढरीदादास गोजराचा शि. सा. न. वि. वि.

यंदाही भाऊबिजेला चंद्रालाच ओवाळलं. बिचारा वेळेवर आला, त्याला खाडी आडवी येत नाही. पुलावरून गाडीने येताना तुला मळमळतं, असं वहिनीने कळवलं. तुझे मेहुणे रोज पहाटे त्याच पुलावरून तुमच्याकडच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायला येतात. साताऱ्याकडचा माणूस, पण त्यांना काही होत नाही. आणि तू तर लहानपणी मला होडीत बसवून ही खाडी पार करायचास.

आगऱ्याच्या मुलीने घाटी नवरा केला म्हणून तू माझ्या लग्नाला आला नाहीस. नवऱ्याचा कान पिळायला भाऊच नाही म्हणून मांडवात सगळे हसले. कानपिळीच्या मानाची तुझी टोपी आणि उपरणं सतरा वर्षं ट्रंकेत डांबरगोळ्यांचा वास घेत पडलंय.

लोभ आहे की नाही, ते पत्राने नको, पायांनी कळव.

तुझी गोजरा


शिरवणे, २ नोव्हेंबर १९९२

चि. सौ. गोजरास पंढरीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. रेल्वेचा पूल सुरू झाला खरा, पण नवं बांधकाम आहे, दोन-चार पावसाळे अंगावर घेऊ दे त्याला. शिवाय मोटारींचा दुसरा पूल होणार म्हणतात. तो झाला की पहिला मी येईन.

सुकट बाजाराच्या गेटवर पहारेकऱ्याकडे ठेवली आहे. तुझ्या गोणीवाल्याला न्यायला सांग. मी दिली हे सांगू नकोस.

जपून राहा. माया आहे तशीच आहे.

पंढरी


मानखुर्द, १८ जानेवारी १९९८

ती. दादास सा. न.

दुसरा पूलही झाला. आता पूल तीन झाले, आणि भाऊ मात्र एकच, तोही पलीकडे.

तुझ्या भाचीचं, राजनंदिनीचं लग्न दहा मेला ठरलं. तिला मंडपात मामाने आणायचं असतं. शेजारचे गोटीराम मामा व्हायला तयार आहेत, हे ऐकून पोरगी रडली. दादा, मला तुझा राग आहे, पण तुझ्यावाचून हे लग्न नकोसं वाटतं. सरकार चौथा पूल बांधेपर्यंत पोरगी थांबायची नाही.

वाट बघणारी,
गोजरा


शिरवणे, ३ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. गोजरास आशीर्वाद.

काल तुझे यजमान कृष्णात बाजारातून थेट आमच्या दारात आले. हातात ती टोपी आणि उपरणं. कुणी बस म्हणायच्या आत ओट्यावर बसले आणि कान पुढे करून म्हणाले, "पावणं, पिळा. तुमास्नी खाडी वलांडवत न्हाय, म्हणून कानच इकडं आणलाय."

मीही मागेपुढे पाहिलं नाही. चोवीस वर्षांचा राग होता, सगळा जोर लावला. पण गोण्या घासून त्या माणसाचा कान असा राठ झालाय की माझीच बोटं दुखली. तुझी वहिनी हसली आणि मला रडू कोसळलं. मानाचं उपरणं डोळे पुसण्यात गेलं, त्यामुळे लग्नात नुसती टोपीच घालीन.

मळमळ वगैरे खोटं होतं. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी पहिल्या पुलावरून चालत आलो होतो. मांडवाच्या कोपऱ्यापर्यंत. सनई वाजायला लागली आणि आत यायचा धीर झाला नाही, तसाच परत चालत गेलो.

गोटीरामांना आमंत्रण दे, पण मामा मी आहे.

तुझा दादा