अर्धं राहिलेलं पुराचं गणित

तीर्थरूप बाबांना, धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. जेवणखाण वेळेवर होतं, काळजी करू नका. तुमचा गुडघा काय म्हणतोय? आईने डोळे तपासून घेतले का?

आमच्या संगणक केंद्राचं अनुदान सरकारने थांबवलं. नव्या धोरणाप्रमाणे सगळी मोठी आकडेमोड राजधानीतल्या एकाच महासंगणकावर होणार आणि आम्हाला नेटवर्कने त्याला जोडणार, म्हणे. ती जोडणी अजून कागदावरच आहे. आमचा संगणक आणि तो सांभाळणाऱ्यांची पदं बंद करायचा हुकूम मात्र तारखेसकट आला.

पुराचा अंदाज बांधणाऱ्या प्राध्यापकबाईंचं गणित त्या संगणकावर चार महिने चालू होतं. आणखी नऊच दिवस हवे होते. मी साहेबांकडे दोनदा गेले. ते म्हणाले, "माझ्या हातात असतं तर दिले नसते का? पण वर कोण ऐकतंय!"

काल दुपारी मीच तो बंद केला. त्याच्या घरघरीमुळे अकरा वर्षं आम्ही ओरडूनच बोलायचो. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना धीर द्यायला तोंड उघडलं, तर माझाच आवाज खोलीभर घुमला. मग त्याच म्हणाल्या, "झालंय तेवढं जपून ठेव हो. पाऊस काही धोरण वाचून पडत नाही."

ठेवलंय जपून.

पुढच्या आठवड्यात घरी येते आहे. आईला म्हणावं, सुट्टी मिळाली. किती दिवसांची असं तिने विचारलं, तर तुम्हीच काहीतरी सांगा. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही.

तुमची लेक