घोडीचा निवद

नाना, दाणा जास्त झाला असं तुम्ही का म्हणालात? पोळ्याच्या दिवशी, सगळ्या गल्लीसमोर, घोडीचा दोर हातात धरून, स्वतःच्या तोंडानं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज इथं कांडल्याच्या बंदरात पोती उतरवतानाही पटत नाही. तुम्हाला जाऊन सहा पावसाळे झाले. मेलेल्या बापाशी काय भांडायचं, असं माय म्हणते. मी भांडणार. जिवंत होतात तेव्हा तुम्ही भांडू कुठं दिलंत? आवाज चढवला की तुम्ही उठून घोडीकडे जायचे, आणि मी भिंतीशी बोलत बसायचो.

आपल्या टांग्याची पहिली घोडी म्हातारी होऊन गेली, तेव्हा तुम्ही धुळ्याला जाऊन एका वरातीवाल्याकडून ही आणली. लग्नं संपली की तो माणूस जनावराला खायला घालणंच बंद करायचा. तिला गाडीत घालून आणायला पैसे नव्हते, म्हणून मुक्काम करत करत चालवत आणलीत. दारात आली तेव्हा फासळ्यांमध्ये बोट बसत होतं. माय बाहेर येते, कंबरेवर हात ठेवते आणि विचारते, "हाई घोडी शे का घोडीना सापळा?" तुम्ही म्हणता, "सापळा शे म्हनीसन स्वस्तात भेटनी." सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, महिनाभर हरभरा, गूळ, पोटभर दाणा घालू, घोडी उभी राहील, टांगा पुन्हा पाचोऱ्याच्या स्टेशनला जाईल. घाई करायला कारणही होतं. भडगाव-पाचोरा रस्त्यावर रिक्षा सुरू झाल्या होत्या आणि आपले रोजचे गिऱ्हाईक एकेक करून त्यात बसायला लागले होते.

तुम्ही मात्र आठ दिवस तिला दाण्याचा एक कणसुद्धा दिला नाही. नुसता लसूणघास आणि कुरणातलं गवत, तेही एकदम नाही. छोट्या छोट्या पेंढ्या, दिवसातून सहा-सात वेळा. पाण्याची बादली कायम भरलेली, बाजूला मिठाचा खडा. गुरांच्या दवाखान्यातून जंताचं औषध आणून पाजलंत. मग कोंड्यात भिजवलेले हरभरे, एक मूठ. आठ दिवस तीच एक मूठ. नंतर दुसरी. दर सोमवारी छातीभोवती सुतळी फिरवून गाठ मारायची आणि मागच्या गाठीपासून किती सरकली ते बघायचं. अर्धं बोट सरकली तरी तुमचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मी विचारलं, असं का, एकदम का नाही घालत? तर म्हणालात, "हिनं पोट उपाशी राहीसन खानं विसरी गयं. त्याले हळूहळू सांगनं पडी." बस. एवढंच. पाचवीत शाळा सोडलेल्या पोराला यातून काय कळणार होतं? घाईनं घातलं तर ती लोळून मरेल, हे सरळ सांगायला काय झालं होतं?

टांगा अंगणात दांडे वर करून उभा. त्यात कोंबड्या बसायला लागलेल्या. मी सतरा वर्षांचा, गिरणेच्या काठानं गवत कापत फिरायचो, आणि रिक्षात लटकणारी माझ्या बरोबरीची पोरं ओरडायची, "काय रे, घोडी बाळंतीण शे का?" तुम्ही ते कधी ऐकलं नाही. मी रोज ऐकायचो.

मग पोळा आला. समोरच्या अक्काच्या खापरावरच्या पुरणपोळीसारखी पोळी आसपासच्या गावांत नव्हती. हाताच्या कोपरापर्यंत पसरलेली, रुमालासारखी मऊ. माय तापानं पडायची तेव्हा याच अक्कानं मला जेवू घातलेलं. तर अक्का थाळी घेऊन येते. दोन पोळ्या, घडी घातलेल्या, वर दूध-तूप. "बैलेसना आधी घोडीले आननी मी. खाऊ दे बिचारीले." तुम्ही गोठ्याच्या दारात आडवे येता. "अक्का, राग मानू नको. पन हिले गोड नको. मरी जाई ती."

सणाच्या दिवशी, बाईच्या हातातल्या निवदाला, मरी जाई! नाना, तुम्हाला दुसरा शब्द नाही सुचला? अक्काचा चेहरा मला अजून दिसतो. "मन्ही पोळी काय जहर शे?" ती म्हणाली. "निवद मी परत लई जात नही." थाळी ओट्यावर आपटली आणि निघून गेली. ओट्याओट्यावरच्या बाया बघत होत्या. तुम्ही मला म्हणालात, हे अक्काच्याच बैलांना चार आणि थाळी देऊन ये. आणि कुणाच्या तरी बैलांना घुंगरमाळा बांधायला निघून गेलात.

मी पोळ्या घोडीला घातल्या. दोन्ही. तिनं थाळीसुद्धा चाटली. मग रिकामी थाळी अक्काच्या ओट्यावर नेऊन ठेवली, म्हणजे तुमचं निम्मं ऐकलं.

वेशीत डफ सुरू झाले तेव्हा घोडी पाय आपटायला लागली. मान वळवून पोटाकडे बघते, खाली बसते, उठते, परत लोळायला बघते. मी पळत सुटलो. तुम्ही माळ अर्धी बांधलेली तशीच सोडून आलात. दवाखान्याचे डॉक्टर सणाला आपल्या गावी गेलेले. तुम्ही तिला उठवलंत आणि चालवायला लागलात, तेही नेमकं वेशीच्या रस्त्यानं. समोरून झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल येताहेत, आणि मधून तुम्ही ती घामानं भिजलेली घोडी ओढत नेताय. लोक बाजूला होत होते. मग तुम्ही थांबलात. तिचं तोंड पुसलंत आणि बोटं नाकाशी नेलीत. तुमच्या नखात पुरण होतं, पिवळं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"काय घातलं नाना? कशानं झालं?" लोक विचारतात. अक्का पुढं येऊन म्हणते, "मन्हा निवद लाथाडा ना, देवनी दखाडं!" आणि तुम्ही हात धोतराला पुसता आणि सांगता, "मन्हाच हातथीन दाना जास्ती व्हई गया."

कोणीतरी मागून बोललं, "घोडीना डाक्टर!" तेच नाव तुम्हाला कायमचं चिकटलं. पुढं टांगा सुरू झाल्यावरही लोक आत बसता बसता विचारायचे, "डाक्टर, आज किती मुठी?" आणि तुम्ही हसायचे. मला ते हसणं सहन व्हायचं नाही. खोटं बोलू नको म्हणून मला लहानपणी उंबऱ्यात उभं करणारा माणूस स्वतः खोटं बोलला आणि वर हसत होता!

दिवेलागणीला घोडीनं लीद टाकली, म्हणजे पोट मोकळं झालं. तुम्ही ती हातात घेऊन फोडून बघितलीत आणि मैलाच्या दगडावर बसलात. मी थप्पड खायला समोर उभा राहिलो. एक मारली असती तर सगळं तिथंच फिटलं असतं. तुम्ही म्हणालात, "पानी लयी ये." दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी माझ्या हातात दिलीत. "आजथीन मूठ तुन्ही." पुन्हा पहिल्यापासून, पाणी आणि गवत. दाण्याचा दिवस आला तेव्हा तुम्ही माझी मूठ उघडायला लावली, हात मोठा आहे म्हणून चार हरभरे काढून घेतलेत. संक्रांतीपर्यंत गाठ चांगली चार बोटं सरकली आणि फासळ्या झाकल्या गेल्या. ती शिक्षा होती की विश्वास, तेवढं तरी सांगायचं होतं. मी त्यानंतर सुरत बघितलं, वापी बघितली, कुठं सहा महिने टिकलो नाही. अख्ख्या आयुष्यात धीरानं केलेलं काम तेवढं एकच, आणि ते चांगलं झालं असं तुम्ही एकदासुद्धा म्हणाला नाहीत.

पण खरी आग वेगळ्या गोष्टीची आहे. अक्का पुन्हा आपल्या दारात आली नाही. तुम्हाला नेलं त्या दिवशी ती तिच्या ओट्यावर उभी होती, पदर तोंडात धरून, पण मधली चार पावलं ओलांडली नाहीत तिनं. मी मडकं धरून चाललो होतो, मला दिसलं. मला वाचवायचा हक्क तुम्हाला होता. पण मला गप्प करायचा कुणी दिला? तुम्ही एकदा तसं बोलून बसलात, आता मी खरं सांगितलं तर मेलेला बाप खोटा ठरतो. मग मी कसं सांगायचं?

असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

मायचं पत्र आलंय. घोडी म्हातारी झालीय, हाडं पुन्हा दिसायला लागलीत, गल्लीतले म्हणतात गूळ घाला. मी लिहून पाठवलं, गूळ अजिबात नको. आधी डॉक्टरला दात दाखवा, मग लसूणघास बारीक कापून, कोंडा भिजवून, थोडं थोडं, आणि दाणा मुठीनं. हात मोठा असेल तर चार दाणे काढा.

आज पोळा आहे. इथं कुणाला माहीतसुद्धा नाही. आता नाना, कबूल करतो. घोडीची दया येऊन मी पोळ्या घातल्या नव्हत्या. तुम्ही चुकलात हे मला सगळ्या गल्लीला दाखवायचं होतं.

हे पत्र कुठं टाकणार, ते माझ्या पेटीतच राहील. मनिऑर्डर मात्र उद्या जाईल, अक्काच्या नावावर. तिला वाचता येत नाही. पोस्टमन ओट्यावर उभा राहून कुपन मोठ्यानं वाचतो आणि समोरचे सगळे ऐकतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुपनावर जागा थोडी असते. मी एवढंच लिहिलंय: 'अक्का, तुझी पोळी घोडीला मी घातली, नानांनी दाणा जास्त घातला नव्हता.' आणि रक्कम, एक्कावन्न रुपये.