धुतलेल्या खुंट्या

कार्तिक वद्य षष्ठी, शके १७८६. अकोला.

आगगाडीच्या रस्त्यासाठी महिनाभर मोजून मोजून ठोकलेल्या खुंट्या आज शेतमालकीण गंगूबाईने गठ्ठा बांधून माझ्यापुढे ठेवल्या. एकूण एक! वर धुऊन, वाळवून.

"कापूस येचता येचता लुगडी अडकून राह्यली होती, भाऊ. कोनाच्या इसरल्या असतीन म्हून जपून ठेवल्या."

रागावू तरी कुणावर? साहेबासाठी मी इंग्रजीत टिपण लिहिलं. पाटलाला चावडीवर बसून समजावलं. कापसाच्या व्यापाऱ्यांपुढे तर नकाशाच उलगडला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी स्वतःवर खूश! उद्या साहेब खुंट्यांनी आखलेली ती रेघ पाहायला येणार. कुठली रेघ? राहिलेली भोकंही तिने बुजवली, बैलाचा पाय जाऊ नये म्हणून.

आणि खुंट्या धुतल्या! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी सगळं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मंग आमाले काहून नाही सांगतलं?"

महिनाभर रोज दुपारी तिच्याच विहिरीवर पाणी प्यालो. ती रोज विचारायची, "दमले का, भाऊ?" मी "हो" म्हणायचो आणि खुंट्या उचलून पुढे जायचो.