एकशे दहा ग्रॅमचे कंद

२ एप्रिल, सकाळी ७.१०
आजपासून डेलिया. फूल ताटाएवढं. पंचवीस सेंटिमीटरच्या खाली आलं तर नाव बदलीन. माळी नाही, क्लास नाही. आपण जे शिकलो ते स्वतःच. कंदांचा घोस आणून एकेक सुटा केला. मानेशी जुन्या देठाचा ओबडधोबड गड्डा होता, तो तासून टाकला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून एकशे दहा ग्रॅमच्या वरचे सहा निवडले. सहा कुंड्या, पंधरा सेंटिमीटर खोल, पट्टीने मोजून.
सासूबाईंनी (वर्षभर आमच्याकडेच आहेत) विचारलं, तो गड्डा टाकताय का? त्याला करंगळीएवढे दोन कंद लोंबत होते. देऊन टाकला. तेवढाच म्हातारीचा जीव रमेल.

१९ एप्रिल
कोंब नाही. मोठ्या जातीला वेळ लागतो. ऑफिसात सांगून ठेवलंय, ऑगस्टच्या प्रदर्शनात पहिला नंबर आपला. कॅशियर म्हणाला, फूल येणार की नुसतीच बातमी? दुर्लक्ष केलं.

४ मे
नाही. सासूबाईंनी तो गड्डा गळक्या बादलीत पुरला होता, तिथे मात्र चार पानं. हलका माल लवकर फुटतो, असं त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली.

५ मे
एक कंद उकरून पाहिला. ठणठणीत आहे, बारीक मुळंही आहेत. फक्त वर यायचं मनावर घेत नाही. निश्चय: पुन्हा उकरायचं नाही.

६ मे
उरलेले पाच उकरले.

११ जून
बायको म्हणते, आईला विचारा, तिच्या अंगणात वर्षानुवर्षं डेलिया होते. हौस वेगळी, शास्त्र वेगळं, असं सांगितलं.

३० जुलै
बादलीतलं रोप माझ्या खांद्याला लागलं. सासूबाईंनी बाजूच्या कळ्या खुडून शेंड्याची एकच ठेवली. हे मी सांगणारच होतो. त्यांनी आधी केलं, इतकंच.
प्रदर्शनाचा फॉर्म भरला. ‘फूल स्वतः वाढवलेले आहे’ याखाली सही. कंद कोणी आणले? मी. घोस कोणी सोडवला? मी. सहीत खोटं काही नाही.

१७ ऑगस्ट, सकाळी ६.२०
सत्तावीस सेंटिमीटर. दोनदा मोजलं. देठ तिरपा कापला. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. विचारणारच होतो, पण न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून विचारणं बरं दिसत नाही.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ
पहिला नंबर. अख्खं ऑफिस हजर. परीक्षकबाईंनी विचारलं, बाजूच्या कळ्या केव्हा खुडल्यात? वेळेवर, म्हटलं. म्हणजे केवढ्या असताना? मी फुलदाणी जरा सरळ केली.
मागून आवाज आला, “वाटाण्याएवढ्या झाल्या की लगेच. फार मेहनत घेतली हो आमच्या जावईबापूंनी.”
बायको सासूबाईंना घेऊन आली होती. कॅशियरने टाळ्या वाजवल्या.
परतताना बायको खिडकीबाहेर बघत बसली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “मला वाटलं होतं, अजून दोन दिवस झाडावर राहील.”

१८ ऑगस्ट
रजा टाकली. प्रमाणपत्र कपाटात ठेवलं. मग कपाटातून काढून गादीखाली. निश्चय: उद्या ऑफिसात खरं सांगायचं.

१९ ऑगस्ट
कॅशियरने एक कंद मागितला, ‘तुमच्या हातचा’. देईन म्हटलं.

३ डिसेंबर
रोप वाळलं. सासूबाईंनी बादली उपडी केली, माती झाडली आणि एक कंद सोडवला. मानेशी गड्ड्याचा तुकडा राखून. “हा तुमच्या ऑफिसातल्यांना,” म्हणाल्या. म्हणजे बायकोने सांगितलंय. तुकड्यावर टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा होता. त्याभोवती त्यांनी बॉलपेनने गोल केला.
“जावईबापू, हा डोळा. हा नसेल तर कंद कितीही पोसलेला असो, फुटत नाही. तुम्ही सहाच्या सहा तासून टाकलेत.”
मग तेव्हाच का नाही सांगितलंत, असं विचारलं.
“तुम्ही तोलत होतात.”
कंद टेबलावर आहे. अंदाजे चाळीस ग्रॅम. तोललेला नाही.