बालझानच्या नावाची सही

प्रिय बालझान,

तब्येत कशी आहे? इस्तंबूलची हवा दमट असते म्हणतात, छाती झाकून ठेव. फोनवर हे बोलता येत नाही, अस्तानाहून आलेला तुझा भाऊ एरसायिन सध्या शेजारीच बसलेला असतो. शेजारची कुल्यान तिकडे निघालीय, तिच्याकडे पत्र देतोय. माझं शिक्षण तुला ठाऊकच आहे, चुका सांभाळून घे.

तुझ्या भावाच्या मनात हे घर विकून मला अस्तानाला न्यायचंय. अर्धं घर त्याच्या नावावर, अर्धं तुझ्या. तुमच्या आईनंच तसं करून ठेवलं. माझी सही कुठेच लागत नाही, तुझी लागते. जाताना तू कॉम्प्युटरवरच्या सहीची चावी, तो बोटाएवढा पेनड्राइव्ह, पासवर्डासकट माझ्याकडे ठेवून गेलीस. मी तो तुझ्या आईच्या चांदीच्या बांगड्यांबरोबर रुमालात बांधून ठेवला. एरसायिन म्हणाला, "कोके, त्यात काय एवढं? पासवर्ड टाकला की झाली तिची सही!"

मला धास्तीच वाटली. सरकारी सेवा केंद्रात जाऊन विचारलं. खिडकीतली बाई फणकारली, "अहो अक्सकाल, आजोबा, मुलीचे दातसुद्धा तुम्हीच घासता का?" मग मात्र नीट सांगितलं. कॉम्प्युटर हिरवी खूण दाखवील, पण चावी ज्याची, त्यानंच कागद वाचून, आपल्या मर्जीनं केली तरच ती सही कायद्यानं खरी. चावी दुसऱ्याच्या हाती द्यायचीच नसते.

घरी येऊन हे सांगितलं तर एरसायिन म्हणतो, "सगळा गाव असंच करतो." मी म्हटलं, "अरे, तुझ्या लग्नात तळहात उघडून आशीर्वाद मी दिला. माझा कोट घालून शेजारचा देऊन गेला असता, तर चाललं असतं तुला?" तो हसला. पोरगा वाईट नाही गं. हिवाळ्यात मी इथे कोळशाच्या शेगडीपाशी एकटा असतो, याची त्याला भीती वाटते. कधी कधी मलाही वाटते.

बाळा, ती चावी लगेच रद्द कर. त्यानंतर त्या चावीनं केलेली सही चालत नाही म्हणे. नवी घे आणि पासवर्ड मलासुद्धा सांगू नकोस. एरसायिन आता कागद थेट तुझ्याकडे पाठवणार आहे, आणि म्हणणार आहे, "कोके तयार आहेत." मी तयार नाही. तरी हिस्सा तुझा आहे. तुला विकायचा असेल तर खुशाल सही कर, मी कुरकुर न करता सामान बांधीन. फक्त मी हो म्हटलंय असं समजून करू नकोस.

तुझ्या फोनची वाट पाहणारा, तुझा बाप
कोके