खालच्या खणातले तीन अर्ज

७ मार्च

प्रिय ठमे,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील. माझी कंबर अधूनमधून कुरकुरते, बाकी ठीक. तुझ्या जागी आलेली मुलगी छान शिकवते, पण वेळापत्रक लावायला बसली की रडकुंडीला येते. तू गेल्यावर तुझं काम चौघांत वाटावं लागलं. तेव्हा कुठे तुझ्यावरचा भार मला कळला, असं मी सगळ्यांना सांगत असते.

ते खोटं आहे. मला आधीपासून ठाऊक होतं.

आपण एकाच दिवशी रुजू झालो. मी प्राचार्य झाले आणि प्रवेश, परीक्षा, वेळापत्रक सगळं तुझ्या गळ्यात टाकत गेले. दुसऱ्या कुणाला सांगितलं की तोंडं वाकडी व्हायची. तू नाही म्हणायची नाहीस. आपण कॉलेज उत्तम चालवतोय, असं मला वाटायचं.

मग तुझ्या विषयाचा निकाल घसरला. संस्थेचे अध्यक्ष आले होते त्या बैठकीत, चाळीस माणसांसमोर, मी तुला उभं केलं. "एवढं काम झेपत नव्हतं तर लेखी का नाही दिलंत?" चक्क अहो-जाहो केलं तुला.

तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. "राहिलं," म्हणालीस आणि बसलीस. आठवड्याने राजीनामा आला.

तू तीनदा लेखी दिलं होतंस. तिन्ही अर्ज माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होते. माझी अब्रू राहावी म्हणून मी तुझी घालवली. तू तेव्हा गप्प का राहिलीस, हे विचारायलाही मला तोंड नाही.

परवाच्या बैठकीत ते अर्ज मी सगळ्यांसमोर वाचून दाखवले. तिसऱ्यात तू लिहिलंयस, 'आईला एकटे सोडता येत नाही, निदान परीक्षेचे काम काढून घ्यावे.' ते वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. हेडक्लार्कनी पाणी पुढे केलं, ते घेववलं नाही. शेवटी ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, हे त्या इथे असताना वाचायचं होतं."

इतिवृत्ताची प्रत सोबत आहे. तुझ्या सेवापुस्तकात निकालावरून मी मारलेला प्रतिकूल शेरा रद्द करून घेतला. एवढ्याने काही भरून येत नाही, कळतंय मला.

माफ कर, असं लिहिणार होते. पण ते म्हणजे तुझ्यावर आणखी एक काम टाकणं झालं. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

तुझ्यादेखत खोटं बोललेली
तुझी मैत्रीण