रबरी सीलांचे तीन ट्रक आणि माझा लाघवी मदतनीस

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा वाकून). तुमची टाच कशी आहे? दादा सकाळी फिरायला जातो की अजून बूट घालून गॅलरीतच येरझाऱ्या घालतो? मुलांना आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम, पित्त आटोक्यात, झोप चांगली. पत्राला विशेष असं कारण काही नाही. सहजच लिहितो आहे. तुम्ही मागच्या फोनवर म्हणालात, "भावोजी, ऑफिसात काहीतरी झालंय असं ऐकलं," आणि मी "छे, कुठे काय" म्हणून फोन ठेवला. तर ते "कुठे काय" जरा तपशिलात सांगतो.

तुम्हाला आमची कंपनी माहीत आहेच. पाण्याचे पंप बनतात, आणि मी खरेदी विभागात बसून त्यांना लागणारे नट, बोल्ट, रबरी सील वगैरे मागवतो. वर्षाच्या सुरुवातीला मालकांचे जावई परदेशातून परत आले आणि आमचे तंत्रज्ञानप्रमुख झाले. (माणूस सज्जन आहे. फक्त कुठलीही वस्तू जागच्या जागी दिसली की त्यांना ती मागासलेली वाटते.) पहिल्या आठवड्यात त्यांनी सर्व्हरची खोली रिकामी केली. वहिनी, त्या खोलीत बारा महिने गारवा असायचा आणि आम्ही पंधरा वर्षं आमचे डबे तिथे ठेवत होतो. जावईबापू म्हणाले, आता आपला सगळा हिशोबबिशोब क्लाउडवर. आमचे भांडारातले काका (हे सगळ्यांचेच काका, स्टोअर सांभाळतात, वजनाने भरभक्कम) यांनी विचारलं की मग डबे कुठे ठेवायचे. याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

दुसऱ्या टप्प्यात स्टोअरच्या प्रत्येक फळीखाली वजन कळणारे सेन्सर बसले. माल कमी झाला की फळीच ते ओळखणार आणि नवीन माल मागवणार. आणि तिसऱ्या टप्प्यात प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये एकेक मदतनीस आला. मदतनीस म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रॅम. त्याने माझे दहा वर्षांचे ईमेल वाचले, ऑफिसच्या फोनची रेकॉर्डिंगं ऐकली आणि तो माझ्यासारखं लिहायला लागला. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरं लिहायला लागला. मी जिथे "माल पाठवा" लिहायचो तिथे तो आधी समोरच्याची विचारपूस करायचा, हवापाण्यावर दोन ओळी लिहायचा आणि मग हळूच मालाकडे वळायचा. संध्याकाळी पडद्यावर एक चौकट यायची, "आजचे सर्व व्यवहार मान्य?" मी "हो" दाबायचो आणि बस पकडायचो. ऑफिसातले सगळेच दाबायचे. ही माझी चूक, ती आत्ताच कबूल करून टाकतो.

आता इथे एका व्यक्तीबद्दल सांगायला हवं. आम्हाला रबरी सील पुरवणारी कंपनी आहे, इथून ट्रकने पाच तासांवर. तिथे माल रवाना करण्याचं काम एक बाई बघतात. गेली बारा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता आमचा फोन व्हायचा. मालाचं बोलणं चार मिनिटांत संपायचं, बाकी वीस मिनिटं इकडचं तिकडचं. त्यांच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन, त्यांच्या गच्चीतली टोमॅटोची रोपं, माझं पित्त, तुमची टाचसुद्धा. (रागावू नका, चांगल्या अर्थानेच निघायचा विषय.) भेट मात्र एकदाही झाली नव्हती. नवी व्यवस्था आल्यावर एक दिवस त्यांच्याकडून ईमेल आला की यापुढे सारं काम आपोआप होणार असल्याने आपल्याला फोनची तसदी पडणार नाही. मला ते लागलं, वहिनी. मोठ्या माणसाला लागू नये इतकं लागलं. वाटलं, कंटाळल्या असतील बिचाऱ्या बारा वर्षं पित्त ऐकून. मग मी मंगळवारी अकरा वाजता उठून पाणी पिऊन येऊ लागलो. चार महिने मी पुष्कळ पाणी प्यायलो.

इकडे स्टोअरमध्ये काय चाललं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या काकांचे गुडघे दुखतात. बसायला खुर्ची नाही, म्हणून ते दिवसातून तीनदा सर्वांत खालच्या फळीवर टेकून चहा पितात. ती फळी नेमकी रबरी सीलांची. काका बसले की फळीला वाटायचं, ऐंशी किलो सील आले. काका उठले की वाटायचं, ऐंशी किलो सील पाव तासात खलास झाले. (एक सील बडीशेपेच्या चिमटीएवढं हलकं असतं, म्हणजे ऐंशी किलो किती होतात याचा विचार करा. मी केला नव्हता.) दिवसातून तीनदा असा खप बघून मदतनीस हबकला आणि त्याने मागणी वाढवली. पलीकडच्या कंपनीतही तोवर असाच मदतनीस आलेला होता. त्याने ती आनंदाने स्वीकारली, आभार मानले आणि आणखी लागल्यास संकोच करू नका असं कळवलं. याने संकोच केला नाही. जावईबापूंनी मीटिंगमध्ये वर चढत जाणारी रेघ दाखवली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

एका सोमवारी सकाळी फाटकात तीन ट्रक उभे राहिले. तिन्हीत रबरी सील. स्टोअर भरलं, सर्व्हरची रिकामी खोली भरली, जिना भरला, मालकांच्या केबिनमध्ये त्यांच्या टेबलापर्यंत खोकी आली. इंजिनिअरांनी आकडेमोड करून सांगितलं की हे सील आपल्याला एकेचाळीस वर्षं पुरतील. मालक खोक्यांच्या वरून माझ्याकडे बघत एवढंच म्हणाले की ही मागणी कुणी मान्य केली ते शोधा. शोधायला वेळ लागला नाही. प्रत्येक मागणीखाली माझं नाव होतं आणि माझ्या नावापुढे माझं "हो". दोन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर घरी बसा, असा हुकूम झाला.

खुलासा लिहायचा म्हणून मी दोन्ही मदतनिसांचा सगळा पत्रव्यवहार उघडला. दोनशे बारा ईमेल. वाचताना माझे कान तापले. सर्वांत आधी दिसला तो माझ्याच नावाने गेलेला ईमेल, की यापुढे फोनची तसदी नको. म्हणजे दोन्हीकडच्या यंत्रांनी एकाच दिवशी दोघांच्या वतीने एकमेकांना फोन बंद कळवला होता. त्यापुढे मी त्यांना विचारतो आहे, वडिलांचा डोळा आता कसा आहे. त्या कळवतात, बराच बरा आहे, तुमचं पित्त कसं आहे. पुढे लगेच पाच लाख सील. हे असं अकरा वेळा. मी ताबडतोब त्यांना फोन लावला. आधी माल परत घेण्याचं बोललो, मग हसत म्हटलं की आपली यंत्रं फार लाघवी निघाली. मग त्या म्हणाल्या,

"वडील जाऊन दीड महिना झाला. त्यानंतरही तुमच्याकडून चारदा डोळ्याची चौकशी आली."

वहिनी, चुकून लिफ्टच्या दाराला धक्का लागला तरी "सॉरी" म्हणणारा मी, इथे त्याऐवजी भलतंच बोलून गेलो. म्हटलं, माल परत घेऊन मी स्वतः येतो. त्याची काही गरज नव्हती. ट्रकबरोबर कुणी जात नाही.

पाच तास मी ड्रायव्हर आणि पाण्याचा कॅन यांच्या मधोमध बसून गेलो. ड्रायव्हरने तीनदा विचारलं की साहेब, तुम्हाला शिक्षा झाली आहे का. तिथे पोचलो तर फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र. त्याच्याकडे माझ्या येण्याची नोंद नव्हती, त्यामुळे ते मला परत परत "कृपया मागे सरका" सांगत होतं. मी सरकत सरकत रस्त्यावर आलो आणि तिथूनच त्याच्याशी हुज्जत घालू लागलो. तेवढ्यात आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या शेडमधून एक उंच बाई चालत आल्या. केस पिकलेले, चष्मा डोक्यावर, हाताला शाई. पहारेकऱ्याला म्हणाल्या, सोड रे यांना, बारा वर्षं ओळखते मी हा आवाज. (मी त्यांना बुटकी समजत होतो. त्या मला जाड्या समजत होत्या. दोघांचीही थोडी निराशा झाली असावी.)

त्यांच्या खोलीत आम्ही खोक्यांवर बसलो, कारण खुर्च्यांवर आमच्याच पुढच्या मागणीचे सील होते. मी म्हटलं, मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, मला तरी कुठे ठाऊक होतं की माझ्या नावाने "बराच बरा आहे" असं उत्तर जातंय. मीही संध्याकाळी "हो" दाबून घरी जात होते. वडील गेल्यानंतर कामावर परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा तो पत्रव्यवहार उघडला होता.

"आधी तुमचा संताप आला," त्या म्हणाल्या, "मग रोज सकाळी उघडून बघायला लागले. घरी आता त्यांच्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. यंत्र का होईना, विचारत होतं."

मग मी विचारलं. डोळ्याबद्दल नाही, त्यांच्याबद्दल. दोन तास त्या बोलल्या आणि मी ऐकलं. खाली ट्रक कधी रिकामा झाला ते आम्हाला कळलं नाही.

पुढचं थोडक्यात. त्यांच्या कंपनीने अडीच ट्रक माल परत घेतला, अर्धा आमच्या जिन्यात आहे. जावईबापूंचा निष्कर्ष असा की यंत्र चुकलं नाही, माणूस चुकीच्या जागी बसला. त्यामुळे काकांना खुर्ची मिळाली. (तिच्याखाली सेन्सर नाही ना, हे ते रोज वाकून बघतात.) माझी नोकरी राहिली. आणि दोन्ही कंपन्यांनी नियम केला की मोठ्या मागणीआधी दोन माणसांनी प्रत्यक्ष बोलून खातरजमा करावी. वार आणि वेळ आम्ही ठरवली. मंगळवार, शुक्रवार, अकरा. हल्ली खातरजमेला तास-दीड तास लागतो.

बाकी सर्व क्षेम. दादाला नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. वर झोप चांगली लिहिलं आहे, ती गेले तीन आठवडे अजिबात येत नाही. काळजीचं कारण नाही. पित्त नव्हे.

ता. क. दुसरा. पुढच्या रविवारी त्या इकडे येत आहेत. मी बोलून गेलो आहे की घरी वहिनी असतील. तेव्हा कृपा करून शनिवारीच या. पडदे धुवायचे आहेत, आणि घरात कप आहेत पण दोन सारखे नाहीत. मुख्य म्हणजे जे विचारायचं आहे ते मला विचारता येईलसं वाटत नाही. तुम्ही विषय काढा, मी "हो" दाबतो. या खेपेला वाचून.

ता. क. तिसरा. तुम्ही वीस वर्षांत आणलेल्या सात स्थळांना नकार देताना "मी एकटाच सुखी आहे" अशी जी पत्रं मी तुम्हाला लिहिली, ती ट्रंकेत जपून ठेवली असतील तर येताना आणू नका. सोबतची कागदपत्रं तपासल्याशिवाय या बाई कुठलाही माल ताब्यात घेत नाहीत.